बबडीचे सुटे शब्द

तुम्हाला म्हणून सांगतो, सुटी करून पुन्हा जोडता येत नाही अशी एकही वस्तू जगात नाही! माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा हे मी उगाच बोलत नाही. म्हणूनच बायको ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी काही दिवस परगावी निघाली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "तू येशील तेव्हा आपली बबडी वाचत असेल!"

"अहो, साडेचार वर्षांची आहे ती," बायको म्हणाली. "तिच्या मागे लागू नका. पोरीला काही झालं ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

पद्धत अगदी सोपी. मी पाटीवर शब्द लिहायचा, एकेका अक्षराचा आवाज सुटा करायचा आणि काही कळतच नसल्यासारखं डोकं खाजवायचं. "न... ळ... काय बरं हे?" मग बबडीने ते आवाज जोडून ओरडायचं, "नळ!" की लगेच टाळ्या! कप, बस, घर, बदक, सगळ्यांचा पोरीने फडशा पाडला! मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत सुटलो, की शाळावाल्यांना शिकवता येत नाही.

बायको यायच्या दिवशी सकाळी बबडी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बा... बा... दू... ध... द्या."

मी हसलो. दूध पिऊन झाल्यावरही ती तसंच बोलायला लागली, तेव्हा माझं हसू आटलं.

"नीट बोल ना, बाळा!"

"नी... ट... च... बो... ल... ते."

पोरीचं बोलणं मी उघडून ठेवलं होतं आणि त्याचा एखादा स्क्रू कुठेतरी घरंगळला होता. गोड बोलून पाहिलं, बिस्कीट दाखवून पाहिलं. शेवटी तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिला नीट समजावं म्हणून एकेक अक्षर सावकाश उच्चारत विनवलं, "अ... सं... न... को... ना... बो... लू!"

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आणखीच सावकाश बोलायला लागली!

उचलली तशीच दवाखान्यात नेली. तिथे सुईच्या धास्तीने तिने डॉक्टरांपुढे तोंडच उघडलं नाही. फक्त माझा शर्ट ओढून म्हणाली, "घ... री... च... ला."

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. "घाबरू नका," ते म्हणाले. डॉक्टर घाबरू नका म्हणाले की मी ताबडतोब घाबरतो! "थोडे दिवस बघू. आईला कल्पना दिलीत ना?"

घरी येऊन दुपारभर येरझाऱ्या घातल्या. ही आयुष्यभर अशीच बोलली तर? वर्गातली पोरं हसतील, कुणी खेळायला घेणार नाही, आणि हे सगळं माझ्या हौसेपायी! खोटं नाही सांगत, रडू आलं मला.

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर समोर बायको, हातात बॅग. सगळं कबूल करून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि भीतीने जीभच वळेना.

"रा... रा... गा... वू... न... को... स..."

बायकोच्या हातून बॅग सुटली. "अगं बाई! अहो, तुम्हाला काय झालं हे?"

माझ्या मागून बबडी धावत आली, आईच्या कमरेला मिठी मारली आणि एका दमात म्हणाली, "आई, घाबरू नकोस गं! बाबांना अख्खा शब्द कळतच नाही. रोज पाटी घेऊन डोकं खाजवत बसतात बिचारे! म्हणून मी त्यांना सुटं सुटं करून सांगते. आता थोडं थोडं यायला लागलंय!"

मी मटकन खाली बसलो. पोरगी धडधाकट बोलत होती, आणखी काय हवं होतं मला?

बायकोने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत टेकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पा... णी... आ... णा."

मी पळत जाऊन आणलं. बबडीने टाळ्या वाजवल्या!