भोंग्यातल्या बाई वेळ विचारतात

आमच्या सोसायटीत ज्याचा आवाज जिन्यावर ऐकू येतो, तोच माणूस तिथे राहतो असे धरले जाते.

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला सेक्रेटरी मगदूम वही घेऊन निघतात आणि प्रत्येक मजल्यावर दहा-दहा मिनिटे उभे राहतात. दारे किलकिली ठेवायची असतात. आतून जे ऐकू येतील ते रहिवासी. नियम दोनच. एक, वाद्ये धरली जात नाहीत. दोन, बोलणे कोणाला तरी उद्देशून असले पाहिजे. स्वतःशी पुटपुटलेले चालत नाही. संसारी माणसांना यात काही अडचण येत नाही. मोज्याचा दुसरा पाय सापडला नाही की अख्खे कुटुंब नोंदले जाते.

माझा थोरला भाऊ होता तोवर मीही दरवर्षी वहीत येत असे. वर्तमानपत्राची आतली पाने आधी कोणी वाचायची यावर आम्ही दोघे रोज भांडत असू. भाऊ गेला, आणि त्यानंतरच्या दोन मोजण्यांत मी नव्हतो. मी एकतीस वर्षे नगररचना कार्यालयात नकाशे गिरवले. त्या कामात बोलावे लागत नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. अशा माणसाने एकट्याने घरात बसून कोणाला काय उद्देशून बोलायचे?

दुसऱ्या वर्षी मगदूम स्वतः वर आले. चांगला माणूस. दारातच उभे राहून म्हणाले, "कुरुंदवाडे साहेब, यंदाबी तुमचा आवाज नाही बघा."

"मी घरातच होतो. तुम्हाला दिसत होतो."

"दिसायचं काय घेऊन बसलाय? दिसतंय तर कपाटपण. पुढच्या खेपेला नाही आलात तर पाटीवरनं नाव काढावं लागतंय. यादीत लोक थांबल्यात."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास, घरात काही तरी आवाज असावा म्हणून, मी भोंगे आणले. मिरजेतली एक जुनी टॉकीज पाडत होते. पडद्यामागचे दोन भोंगे इस्माईलभाई मुजावरांनी सोडवून घेतले होते. त्यांनी त्या टॉकीजमध्ये अख्खी हयात सिनेमाचे यंत्र चालवले. एकेक भोंगा माझ्याहून उंच, तोंड इतके रुंद की आत मांडी घालून बसता यावे. दाराची चौकट काढून ते आत घ्यावे लागले. एकाने खिडकी गेली, दुसऱ्याने कपाट गेले. कपाट स्वयंपाकघरात आणि जेवणाचे टेबल गॅलरीत आले. मी दोन भोंग्यांच्या मध्ये गादी टाकून झोपू लागलो. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ते हेच.

पण इस्माईलभाईंनी टेपवर एक मैफल लावली आणि मी अडचण विसरलो. जुन्या कुठल्या तरी घरगुती मैफलीची टेप होती; गाणाऱ्या बाईंचे नाव डबीवर नव्हते. बाई माझ्यापासून सहा फुटांवर बसल्या होत्या. सुपारी गालात सरकवलेली कळत होती. आजवर मी गाणे ऐकले ते भिंतीपलीकडून ऐकल्यासारखे ऐकले, असे मला वाटले आणि जरा वाईटही वाटले.

"ताकद लागत नाही ह्याला," इस्माईलभाई म्हणाले. "पंख्याला लागती तेवढी वीजबी खात नाही. नुसती फुंकर मारायची, बाकीचं भोंगा करतोय. पण खोटं सांगणार नाही साहेब, डग्गा जरा पोकळ लागणार. आन् टेपमध्ये जेवढी खरखर हाय, तेवढी सगळी तुमच्या पुढ्यात आणून ठेवणार. हा काय लपवत नाही."

मग त्यांनी खडू मागितला, खोलीभर फिरत टाळ्या वाजवल्या, आणि भिंतीपासून चार हातांवर जमिनीवर फुली मारली.

"खुर्ची इथंच. इकडं तिकडं सरकला की डब्यातनं बोलल्यागत वाटणार. एकाच माणसाची जागा हाय ही. दोघं बसली तर दोघांनाबी निम्मंच मिळणार. घरात किती जण हायसा?"

"मी एकटाच."

"मग झ्याक," इस्माईलभाई म्हणाले.

मी रोज सकाळी फुलीवर बसू लागलो. चौथ्या-पाचव्या दिवशी मला त्या बाई ऐकू आल्या. गाणाऱ्या नव्हेत, दुसऱ्या. पहिली चीज संपते, तबलजी हातोडीने तबला लावून घेतो, हातोडी थांबते, आणि डाव्या भोंग्यात, खिडकीच्या बाजूला, कोणी बाई हळूच विचारतात, "किती वाजले हो?"

कोणीच सांगत नाही. चार सेकंद सगळे गप्प असतात. मग गाणे सुरू होते.

हीच टेप मी इस्माईलभाईंच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर मुद्दाम ऐकून पाहिली. तिथे बाई नव्हत्या. त्या फक्त भोंग्यात होत्या. वय पन्नाशीचे असावे. रागावलेल्या वाटत नव्हत्या, पण घाईत असाव्यात. एवढ्या माणसांत एकालाही त्यांना वेळ सांगावीशी वाटू नये याचा मला रोज नव्याने राग येई. पण मीही सांगितली नाही. ओळख ना पाळख, परक्या बाईंशी एकदम कसे बोलायचे?

सरळच सांगतो, मला त्यांची सवय झाली. टेप लावण्याआधी मी धुतलेला सदरा घालू लागलो. दिवसातून एकदा माझ्या घरात कोणी तरी काही तरी विचारत होते. भाऊ गेल्यापासून असे झाले नव्हते.

जानेवारीत मोजणी झाली. मगदूम जिन्यात उभे असताना मी टेप लावली आणि सवयीने ऐकत बसलो. तीन दिवसांनी पत्र आले. सदनिका क्रमांक अकरामध्ये तीन रहिवासी आढळले होते: एक गायिका, एक तबलजी, जे मध्येच "आहा" म्हणतात व ते गायिकेस उद्देशून आहे, आणि एक वेळ विचारणाऱ्या बाई. कुरुंदवाडे नावाचे कोणी सलग तिसऱ्या वर्षी आढळले नाही, सबब त्यांचे नाव कमी करण्यात येत आहे. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.

ज्यांना आधारासाठी आणले त्यांनीच घर घेतले. मी हरकत घेऊन मगदुमांकडे गेलो.

"घर माझं आहे, मगदूम."

"घर तुमचंच हो. कोण नाही म्हणतंय? पण तुम्ही राहत नाही तिथं." त्यांनी चहा पुढे सरकवला. "आता त्या बाई बघा. एवढासा आवाज, पण स्वच्छ. आणि नियमात एकदम पक्का, कुणाला तरी विचारतात त्या. कुणाला विचारतात?"

"माहीत नाही."

"वहीत नातं लिहायचा रकाना आहे. मी कोराच ठेवलाय." त्यांनी वही बाजूला ठेवली. "पुढच्या रविवारी फेरमोजणी घेतो. तुम्ही बोला की साहेब. काहीपण बोला."

बोलायचे कसे, हाच प्रश्न होता. भोंगे चालू असताना माझा आवाज माझ्या मलाही ऐकू येत नसे. भोंगे बंद केले तर घरात बोलायला कोणी उरत नसे. आठवडाभर मी यावर विचार केला. नकाशावर कागद अंथरून एकेक रेघ तपासावी तशी मी टेप तपासली. तिच्यात मोकळी जागा एकच होती. ते चार सेकंद. त्यात बोलायचे तर एकच गोष्ट बोलता येत होती.

रविवारी मगदूम वही घेऊन जिन्यात उभे राहिले. दार किलकिले होते. मी सदरा घालून फुलीवर बसलो. पहिली चीज संपली. हातोडी वाजली, थांबली.

"किती वाजले हो?"

मी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. "दहाला पाच कमी," मी म्हणालो. चांगला खणखणीत म्हणालो.

"अगंबाई!" डाव्या भोंग्यातून आवाज आला. "इतका उशीर झाला? मला निघायलाच हवं." लुगडे सळसळले. चपला शोधल्याचा आवाज झाला. एक लवकर सापडली, दुसरीला वेळ लागला. "येते हं," बाई म्हणाल्या, आणि एक दार लागले. जिन्यात मगदूम अंग चोरून भिंतीला टेकले आणि त्यांनी वाट दिली. मग गाणे सुरू झाले.

मगदुमांनी वहीत लिहिले आणि दारातून डोके आत घातले. "आलात बघा साहेब वहीत! अभिनंदन." मग खाली बघत म्हणाले, "बाईंचं नाव काढावं लागतंय. माझ्यासमोरच गेल्या."

दुसऱ्या दिवशी टेपमध्ये बाई नव्हत्या. हातोडी थांबली, चार सेकंद खरखर झाली, गाणे सुरू झाले. मी टेप सात वेळा लावली. इस्माईलभाई येऊन तारा तपासून गेले. "भोंग्यात दोष नाही साहेब," ते म्हणाले. "हाय ते सगळं देतोय तो. नसलं तर कुठनं देणार?"

तेव्हा मला समजले. बाईंना कधीचे घरी जायचे होते. वेळ कळेना म्हणून त्या बसून राहिल्या होत्या, आणि मी त्यांना मोकळे केले. मी नऊ म्हणू शकलो असतो. साडेआठही म्हणू शकलो असतो. पण एकतीस वर्षे मी कोणाच्या बांधाची रेघ केसाएवढीही सरकवली नाही, त्यामुळे खरे तेच तोंडातून गेले. माझे नाव पाटीवर राहिले. मी खाली उतरताना ते वाचत असे आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नसे. घर खायला उठले होते.

वर्ष गेले. भोंगे मी काढले नाहीत. खिडकी उघडता येत नाही, कामाच्या मावशींना केर काढता येत नाही, डग्गा पोकळ तो पोकळच. तरी रोज सकाळी सदरा घालून फुलीवर बसतो. बाईंची जागा डावीकडे रिकामी आहे, हे भोंगा फार स्वच्छ ऐकवतो.

यंदाच्या रविवारी पुन्हा मोजणी झाली. मला यंदा कोणाला काय सांगायचे ते माहीत नव्हते. टेप लावली. पहिली चीज संपली, हातोडी वाजली, थांबली. माझ्या तोंडून शब्द आले.

"किती वाजले हो?"

गाणाऱ्या बाई गप्प होत्या. तबलजी गप्प होता. दाराच्या फटीतून मला मगदूम दिसत होते. त्यांनी मनगट वर करून घड्याळ पाहिले. सांगण्यासाठी तोंडही उघडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, तोंड मिटले आणि घड्याळावर बाही ओढून घेतली.

गाणे सुरू झाल्यावर ते वहीत लिहून पायांचा आवाज न करता वरच्या मजल्यावर गेले.

नंतर मी वही पाहिली. वेळ विचारणाऱ्या बाईंची गेल्या वर्षी खोडलेली ओळ होती, तिच्याच खाली माझे नाव लिहिले होते. नात्याचा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता.