कुमारी वामनचा परदेश दौरा

सन १९६२च्या जुलै महिन्यात अमरावतीच्या एका कन्याशाळेला थेट स्वीडनहून पत्र आलं. पत्र इंग्रजीत असल्यामुळे मुख्याध्यापक शेषराव यांनी ते दोन दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भूगोल शिकवणाऱ्या इंदूबाईंना बोलावलं. "मला समजलं आहेच," ते म्हणाले, "पण तुम्हीही एकदा वाचून दाखवा."

तिकडच्या एका शाळेने लिहिलं होतं की एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका यांनी तीन आठवड्यांसाठी यावं. घरात, शाळेत आणि कामावर स्त्री-पुरुष बरोबरीने कसे वागतात ते पाहावं आणि आपल्याकडे काय चालतं ते सांगावं. येण्याजाण्याचा भार त्यांच्यावर. मुलीची निवड मात्र निबंधावरून व्हावी.

इंदूबाई अकरा वर्षं भिंतीवरच्या नकाशात छडीने स्वीडन दाखवत होत्या. स्वतः त्या नागपूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. त्या रात्रभर जाग्या राहिल्या नाहीत, कारण सकाळी सातची शाळा होती. पण झोपण्यापूर्वी त्यांनी गरम शालीचा विचार केला, हे खरं.

निबंधात दहावीची मनकर्णा पहिली आली. तिने लिहिलं होतं, 'माझी आई कापसाच्या जीनमध्ये बापाइतकंच काम करते. घरी आल्यावर बाप बाजेवर बसतो आणि आई चुलीपुढे. माझा बाप वाईट नाही. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तेव्हापासून पाणी तो भरतो.' इंदूबाईंनी त्याचं इंग्रजी केलं आणि पोस्टात टाकलं.

मनकर्णाचा बाप श्रावण संमतीची सही द्यायला जीनमधून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आला. कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच होते.

"इतक्या दूर पाठवाले भेव नाई वाटत?" इंदूबाईंनी विचारलं.

"छपन साली आमी नागपूरले गेल्तो दीक्षेले, तवा हे दहा वर्साची होती बाई," श्रावण म्हणाला. "थ्या गर्दीत हात सुटला हिचा. मी रडून राह्यलो होतो, अन् हे आपली लोकायले रस्ता इचारत माह्यापाशी आली. तवापासून मले तिची फिकीर नाई. सही कुठं करू?"

प्रकरण व्यवस्थापक मंडळापुढे गेलं. मंडळाचे अध्यक्ष खुशालराव हे वकील होते. मंडळात सात सभासद, सातही पुरुष. कन्याशाळेचा कारभार कन्यांवर सोडण्याइतके ते बेजबाबदार नव्हते. इंदूबाईंना टिपणं घेण्यासाठी आणि चहाकडे पाहण्यासाठी बोलावलं होतं.

"निवड योग्यच आहे," खुशालराव म्हणाले. "अडचण एकच. दोन स्त्रिया एकट्या कशा जातील?"

"दोन असल्यावर एकट्या कशा?" इंदूबाई म्हणाल्या. त्यांना टिपणात लक्ष घालायला सांगण्यात आलं.

सोबत पुरुष हवा असं ठरलं. मुख्याध्यापकांनी जबाबदारीच्या भावनेने स्वतःचं नाव सुचवलं. पण जागा दोनच होत्या, म्हणून शिक्षिकेचं नाव कमी करणं भाग पडलं. तेव्हा सभासद किसनराव यांनी आक्षेप घेतला की एका कुमारिकेने परपुरुषासोबत सातासमुद्रापार जावं, हे समाजाला रुचणार नाही. आक्षेप बिनतोड होता. बराच खल झाला आणि असं आढळून आलं की दौऱ्यातून मुलगी तेवढी काढली, तर सर्व आक्षेप आपोआप निकाली निघतात.

"पण विद्यार्थिनी पाहिजे असं पत्रात आहे," इंदूबाईंनी आठवण करून दिली.

"ते पाहू," खुशालराव म्हणाले. "आमचा वामन आहे. चांगल्या घरचा मुलगा आहे. आणि समानतेचा अभ्यास करायचा तर मुलगा-मुलगी असा भेद आपणच करून कसं चालेल?"

ठराव एकमताने मंजूर झाला. वामन मुलांच्या हायस्कुलात दहावीत होता. दौऱ्यापुरतं त्याचं नाव कन्याशाळेच्या जनरल रजिस्टरात चढवण्यात आलं. दाखल्याच्या फॉर्मवर नावाआधी 'कुमारी' हा शब्द छापलेला होता. तो खोडावा असं वामनने नम्रपणे सुचवलं. पण छापील फॉर्मवर खाडाखोड करायला वरिष्ठ कचेरीची परवानगी लागे आणि ती यायला सहा महिने. म्हणून 'कुमारी वामन खुशालराव' हे नाव कायम करून, त्याखाली मुख्याध्यापकांनी 'चालचलन: शालीन' असा शेरा मारला.

मनकर्णाला कचेरीत बोलावून इंदूबाईंच्या समोर निर्णय सांगितला.

"मी गेले तर काय होईल, सर?" तिने विचारलं.

"तुला काही होणार नाही ग," शेषराव म्हणाले. "लोक काय म्हणतील, हा प्रश्न आहे."

"मग लोकायलेच पाठवून राह्यले तुमी," मनकर्णा म्हणाली आणि वर्गात निघून गेली. इंदूबाई तिच्या मागे गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर काय सांगितलं असतं, हे त्यांना पुढेही बरेच दिवस सुचलं नाही.

यजमानांनी दाखल्यात 'कुमारी' आणि समोर मुलगा पाहून काय समजूत करून घेतली, ते कळायला मार्ग नाही. त्यांनी दोघांची नीट बडदास्त ठेवली, म्हणजे दोघांनाही कामाला लावलं. तिथं सगळ्याच मुलांना रांधायचा तास असे. वामन पाव भाजायला शिकला, मोजे विणायला शिकला. ज्या घरी उतरले तिथं जेवणानंतर शेषरावांच्या हाती फडकं येई. आठ दिवस त्यांना वाटलं की हा आपला सन्मान असावा.

दोघं परत आल्यावर शाळेत जंगी सत्कार झाला. समोर गाद्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बायका. शेषराव समानतेवर दीड तास बोलले. सांगण्यासारखं बरंच होतं. शेवटी ते म्हणाले, "तिथल्या पुरुषांनी स्त्रीला बरोबरीचं स्थान दिलं आहे. आपणही द्यावं, असं या मंडळाचं धोरण आहे." टाळ्या झाल्या. दीडशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्या शिक्षिकांपर्यंत भाषण पोचलं नाही, कारण चुली मागच्या अंगणात होत्या. स्वागतगीत मनकर्णाने म्हणावं असं ठरलं होतं. तिचा घसा बसला होता, असं तिने कळवलं. वर्गात तो चांगला मोकळा होता, हे इंदूबाईंनी कोणाला सांगितलं नाही.

वामनने मात्र घरी पाव भाजायला घेतला. त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, त्याला कान धरून चुलीपुढून उठवलं आणि पोराला तिकडे काही करणी झाली का, असं नवऱ्याला विचारलं.

महिन्याभराने स्वीडनहून पुस्तकांचं पार्सल आलं. वर लिहिलं होतं, 'ज्या मुलीने निबंध लिहिला तिच्यासाठी.' रजिस्टरप्रमाणे ती मुलगी वामन होती; पार्सल त्याच्या घरी गेलं. दुसऱ्या दिवशी तो ते सायकलला बांधून श्रावणच्या दारात हजर झाला.

"हे तुमचं आहे," तो म्हणाला. "मी तिथं सांगितलं होतं त्यांना, की निबंध माझा नाही म्हणून. सरांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचं भाषांतर वेगळं केलं."

मनकर्णाने पार्सल घेतलं. "पाव कसा करतेत?" तिने विचारलं. त्याने दारात उभं राहून सगळी कृती सांगितली. श्रावण पाण्याची घागर घेऊन आला, तोही ऐकत थांबला.

हे सगळं इंदूबाईंनी दिवाळीच्या सुटीत अकोल्याला, भावाच्या घरी सांगितलं. भाऊ महादेवराव सुधारक विचारांचे होते. वाचनालयाचे चिटणीस होते, आणि बायकांनी शिकावं असं त्यांनी तीन सभांत सांगितलं होतं. 'कुमारी वामन' ऐकून ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"काय मागासलेले लोक आहेत गा हे," ते म्हणाले. "इंदे, हे छापून आलं पायजे. तू लिहून काढ, तुले चांगलं लिवता येते. नाव माझं टाकू."

"तुमचं काहून?"

"बाईमाणसाचं नाव छापलं म्हणजे लोक नस्त्या गोष्टी बोलतेत. तुह्याच भल्याचं सांगून राह्यलो मी."

इंदूबाईंनी आत पाहिलं. वहिनी पार्बताबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबला होता.

इंदूबाईंनी ते लिहून काढलं. भावाच्या नावाने ते एका साप्ताहिकात छापूनही आलं आणि लोकांना अतिशय आवडलं. घरोघरी पुरुषमंडळींनी ते मोठ्याने वाचलं, मंडळाच्या मूर्खपणाला ते पोट धरून हसले आणि हसतच राहिले. आतून पान वाढल्याची हाक येईपर्यंत त्यांना दुसरं कामही नव्हतं.