कांबळेचा रिकामा चौकोन

आमचा कांबळे हॉटेलात गेला की मुका होतो. वेटर "काय आणू?" विचारतो आणि हा त्याच्या तोंडाकडे नुसता बघत बसतो. वेटरने मिसळीपासून ताकापर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं तर पास. "आधी ठरवा, मग बोलवा" म्हणाला, तर कांबळे बॅग उचलून बाहेर. चाकणच्या निम्म्या हॉटेलांतून मी असा उपाशी उठलोय. संताप येतो नुसता.

महाळुंग्याच्या एका कारखान्यासाठी आम्ही दोघं सॉफ्टवेअर लिहितो. तिथल्या स्टोअरच्या स्क्रीनवर सामान शोधायचा एक चौकोन आहे. 'बेअरिंग' लिहिलं की बेअरिंग दिसतात. काहीच न लिहिता बटण दाबलं तर काय दिसावं, यावरून कांबळेने सबंध मीटिंग खाल्ली.

"लाल अक्षरात 'कृपया शब्द लिहा' दाखवा," साहेब म्हणाले.

"सगळं सामान दाखवायचं," कांबळे म्हणाला. "कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या भाषेला विचारा. कुठल्याही शब्दात 'काहीच नाही' शोधायला सांगितलं, तरी ती 'सापडलं' म्हणते, नाही म्हणत नाही. समोरचा बोलला नाही म्हणून त्याला काही नकोच, ही कुठली माणुसकी राव?"

साहेबांना राव म्हटल्यावर मीटिंग संपली. सोमवारपर्यंत लाल अक्षरं आली नाहीत तर कांबळेने दुसरी नोकरी बघावी आणि ते काम मी करावं, असं ठरलं. घरी आजारी वडील, आणि हा एका रिकाम्या चौकोनापायी नोकरीवर लाथ मारणार? माझं डोकंच फिरलं. रविवारी त्याला झापायला दिघीला त्याचं घर गाठलं.

त्याचे वडील, अण्णा, खुर्चीत बसले होते. एके काळचे फोरमन. मशीन चालू असतानाही यांचा आवाज अख्ख्या वर्कशॉपभर ऐकू जायचा म्हणे. पॅरालिसिसने शब्दच गेले. मला बघून त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर थापट्या मारल्या. कांबळे उठला. तांब्या आणला.

"हे पाणी, अण्णा."

मान हलली. नको. चष्मा, शाल, रेडिओ, केळं, एकेक वस्तू नाव घेत तो समोर मांडत गेला. मांडता मांडता मला म्हणाला, "आधी एक बाई ठेवली होती सांभाळायला. म्हणायची, बोलत न्हाईत तर मी काय देऊ? दिवसभर तहानलेलं ठेवलं रे माझ्या बापाला." त्याचा आवाज चढला होता.

शेवटी कंगवा आला. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं.

"पाहुणा आलाय ना," कांबळे म्हणाला आणि त्यांचा भांग पाडायला लागला. अण्णा माझ्याकडे बघून ताठ बसले. त्याला झापायचं मला सुचलंच नाही.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. लाल अक्षरं मीही घालणार नाही, असं मी सांगितलं. माझाही आवाज जरा चढलाच.