जड पाण्याची सोयरीक

पोरीसाठी स्थळ बघायला गेलेला बाप शेती विचारतो, नोकरी विचारतो. आमच्या शेजारच्या वानखेडे सरांनी खिशातून परीक्षानळी काढली. पाहुण्यांनी पुढे केलेलं पाणी तिच्यात ओतलं, साबणाचा किस टाकला आणि भर बैठकीत खळाखळा हलवली. फेस आलाच नाही, वर नुसती पांढरी मळी तरंगली. सर उठले.

"पाणी लयच जड हाय बाप्पा! पोरीचा जलम तुरीची डाळ शिजवण्यात जाईन."

मध्यस्थ म्हणून मी सोबत होतो. माझे पोहे बशीतच राहिले.

सर वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावालगतच्या पिपरी मेघेतल्या आपल्या घरातच प्रयोगशाळा थाटली. स्वयंपाकघरात एक उभा पाइप आणि त्यात पाणी हलकं करणारे, साबुदाण्याहून बारीक पिवळे मणी. येईल त्याला सर त्या पाइपापुढे उभं करीत.

"ह्या एकेका मण्यात लंब्या लंब्या साखळ्या हायेत, भाऊ. साखळीवर ऋण भाराच्या जागा. तिथं सोडियम बसून राह्यला. जड पाणी सोडलं का कॅल्शियम येते. त्याच्यावर भार दोन. तो दोन जागा धरते अन् दोन सोडियमले उठवते. सारी उठबस हाय!"

"मग तो कॅल्शियम कायमचाच बसला की," मी एकदा म्हणालो.

"काऊन? मिठाचं पाणी सोडा. सोडियमची अशी गर्दी होते का कॅल्शियम किती बी चिकट असो, जागा सोडते."

एसटीत कोणी खिडकीतून सीटवर दुपट्टा टाकला की सर मला कोपरानं ढोसून म्हणत, "पाह्यलं? कॅल्शियम!" आम्ही गल्लीभर त्यांची नक्कल करायचो. आमच्या घरची डाळ मात्र त्यांच्याच पाण्यावर शिजायची, हेही कबूल करतो. आता घरोघरी पाण्याच्या मशिनी लागल्या. सकाळी बादली घेऊन सरांच्या दारी जायचं आणि अर्धा तास व्याख्यान ऐकून परतायचं, त्याची मला अजून आठवण येते.

सरांची एकुलती एक लेक शुभांगी. तिला त्या जड पाण्याच्या घरातला, आर्वीकडचा मुलगा मनापासून पसंत होता. तिनं त्याच घरात लग्न केलं. सर गेले नाहीत. दोन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. जगाला कॅल्शियम म्हणणारा हा माणूस आपला हट्ट दोन्ही हातांनी धरून बसला होता. मला त्यांचा खरोखर राग यायचा.

गेल्या उन्हाळ्यात शुभांगीला मुलगी झाली. बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर मणी भरलेला नवा पाइप घेऊन माझ्या दारात उभे.

"भाऊ, एवढं नेऊन द्या. जड पाण्याच्या आंघोळीनं लेकराचं आंग फुटते. माह्यं नाव नोका सांगू."

मी नेऊन बसवला. नाव कशाला सांगायला हवं होतं? पाइप पाहताच तिनं ओढणी डोळ्यांना लावली.

महिनाभरानं तिचा फोन आला. "काका, मणी थकले. मिठाच्या पाण्यानं धुवा लागते, अन् मले ते येत नाई. बाबाले म्हणा, सोता येऊन धुवून द्या."

मी निरोप सांगितला.

"येत नाई म्हणते?" सर म्हणाले. "दहा वर्षांची होती तवापासून घरचे मणी दर रविवारी तीच धुवे. माह्यापेक्षा चांगले."

चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकानं पुसला.

"भाऊ, आर्वीची पहिली गाडी किती वाजता हाय?"