नायकाच्या मृत्यूबाबत विभागाचं धोरण

थोर पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती थेट पडू देणं धोक्याचं असतं. औषधाची बाटली वरच्या फडताळात ठेवतात, ती काय उगाच? म्हणूनच जाणत्या समाजानं पुस्तक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये ‘परिचय’ नावाची भिंत घातली आणि तिच्यावर एक पगारी माणूस बसवला.

एका महाविद्यालयात त्या भिंतीवर परिचयसर बसत. (त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे.) आधुनिक कविता-कादंबऱ्यांचा परिचय करून देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कवितेत खिडकी आली की एकटेपणा, जिना आला की वर्गसंघर्ष, काहीच आलं नाही तर पोकळी. पद्धत इतकी पक्की, की मुलं कविता न वाचताच गलबलून जात. विभागाच्या पाहणीनुसार पंच्याण्णव टक्के विद्यार्थी आधुनिक साहित्यानं भारावलेले होते. (उरलेले पाच टक्के पाहणीच्या दिवशी गैरहजर होते.)

कादंबरी एकच नेमलेली, पण भारदस्त. तिचा नायक नोकरी गेलेला कारकून. भटकत भटकत तो पुलाच्या कठड्याशी येऊन उभा राहतो, आणि तिथंच विभागाची प्रत संपते. शेवटची पानं कुणीतरी डुगडुगत्या कपाटाखाली सारली होती. तेव्हाच्या सरांनी शांत डोक्यानं विचार केला : आधुनिक नायक शेवटी एक तर मरतो, नाहीतर भिंतीकडे बघत बसतो. पुलावर भिंत नसते. सबब मेला. तेव्हापासून तो दरवर्षी दहा गुणांसाठी मरत आला. आताच्या विभागप्रमुख बाईंना तर त्याच्या मरणावरच्या निबंधाला सुवर्णपदक मिळालं होतं.

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं असताना एका मुलीनं कादंबरी वाचली.

तिचाही इलाज नव्हता. ती आजारी पडली, परिचयाचे तास बुडाले, आणि मावशीच्या घरी पडल्या पडल्या पुस्तक हाती लागलं, तेही शेवटासकट. परीक्षेत तिनं लिहिलं : नायकाला भूक लागते आणि तो घरी जातो. सरांनी शून्य दिलं. त्या शून्यापायी तिचं वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं की वडील तिला शिकायचं थांबवून दुकानात बसवणार होते.

“सर, तो मरत नाही हो,” ती टेबलाशी उभी राहून म्हणाली. “घरी जातो. बायको विचारते, कुठं होतात? तो म्हणतो, इथंच.”

“बाळ, हे वरवरचं वाचन झालं.”

“वरवरचं कसलं सर, अगदी शेवटच्या पानावर आहे!”

तिनं पुस्तकच पुढं ठेवलं. सरांनी ते घरी नेलं.

“अगंबाई, हातात पुस्तक? बरं नाही वाटत का?” बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी सर वाचायला बसले. जेवण निवलं, चहा निवला. दिवेलागणीला त्यांनी पुस्तक मिटलं आणि डोळे पुसले.

“काय हो झालं?”

“जगला गं तो.”

“मग रडताय कशाला?”

“इतकी वर्षं मीच मारत होतो ना त्याला.”

सोमवारी तातडीची बैठक भरली. बाई म्हणाल्या, “सर, तो आता जगला तर मी पदक कुठं लपवू? आणि आपली जुनी मुलं? गावातले निम्मे शिक्षक त्याच्या मरणावर जगतायत!”

“त्याला ठेवा मेलेला,” सर म्हणाले. “हवं तर माझे तास काढून घ्या. पण पोरीचं वर्ष घेऊ नका.” (विभागाच्या बैठकीत भावना व्यक्त झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यानंतर पाणी मागवण्यात आलं.)

अखेर ठराव झाला : अभ्यासक्रमापुरता नायक मृत राहील, पुस्तकात तो जिवंत असल्यास विभागाची हरकत नाही, सदर विद्यार्थिनीनं केलेलं वाचन आजारपणाच्या भरात घडलं असल्यानं ते क्षम्य समजून तिला उत्तीर्ण करावं.

मुलगी पास झाली. सर अजून तीच कादंबरी शिकवतात. शेवटाशी आले की “मरतो, असं म्हणतात,” एवढंच पुटपुटतात आणि खडू शोधू लागतात. हुशार मुलं ‘असं म्हणतात’ गाळून उतरून घेतात.

आता तुमच्या मनात आलं असेल, ही कादंबरी मिळवून वाचलीच पाहिजे. कशाला त्रास घेता? तो मरतो हे तुम्हाला कळलं, मरत नाही हेही कळलं, वर बायको काय म्हणाली तेसुद्धा कळलं. चारचौघांत बोलायला एवढं रग्गड झालं. बाकीच्या पुस्तकांच्या बाबतीत आजवर तुम्हाला कुठं याहून जास्त लागलंय?