चार तारांवर सारखा ताण

वीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. ज्या हातांनी रोज शेकडो माणसं सुखरूप वर-खाली पोचवली, त्या हातांना गिटारच्या पिल्लासारख्या एवढ्याशा युकुलेलेच्या चार तारा लावता येऊ नयेत? हे मी आधी आमच्या हिला विचारायला हवं होतं. पण ही आत कपड्यांना इस्त्री करत होती.

ही नर्स आहे. तीन महिने युकुलेले शिकत होती, तेही बाथरूमचं दार लावून! माझ्यासमोर वाजवायचीही तिला लाज. आणि त्या संध्याकाळी हॉस्पिटलात मोठ्या सिस्टरच्या निरोप समारंभात ती पहिल्यांदाच चारचौघांत वाजवणार होती. सकाळपासून तेच कपडे ती तिसऱ्यांदा इस्त्री करत होती. म्हटलं, नवऱ्याने हातभार लावायला नको?

मी एकेक तार अंगठ्याने दाबून पाहिली. काय तो गलथान कारभार! एक ताठ, एक ढिली. आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे सगळ्या दोरांवर ताण सारखा हवा. मी बाह्या सरसावल्या आणि खुंट्या पिळून चारही तारांना शिस्त लावली. फोनवरच्या सूर तपासणाऱ्या ट्यूनरने चारही वेळा लाल दिवा दाखवला. फोन जुना झालाय, म्हणून मी तो बंद केला.

"अहो, काय करताय?"

"काही नाही गं, पुसून ठेवतोय."

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये चाळीस माणसं जमली. हिने पहिला हात मारला आणि भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला! पुढच्या रांगेतल्या बड्या डॉक्टरांनी डोळे मिटले. "प्रायोगिक दिसतंय," ते शेजाऱ्याला म्हणाले. शेजाऱ्यानेही लगेच डोळे मिटले. बघता बघता अख्खी रांग डोलायला लागली. मीसुद्धा "वा!" म्हणून घेतलं.

ही मात्र पांढरीफटक पडली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आता ही सगळं टाकून निघून जाणार, असं वाटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक मिनिट थांबा हं," ती म्हणाली. मान वाकवून, कान लावून, तिने एकेक तार छेडत खुंट्या फिरवल्या. फोन नाही, काही नाही. चाळीस माणसं श्वास रोखून बघत होती, आणि तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मग ती वाजवू लागली, आणि मोठ्या सिस्टरनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर तेवढे हिरमुसले.

"आधीचं जास्त खोल होतं," ते चहा घेताना मला म्हणाले. "तुम्हीही वाजवता का?"

मी कॉलर नीट केली. पण तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "छे हो, हे फक्त ऐकतात."

खरंच आहे. आता ती रोज माझ्यासमोर बसून वाजवते आणि मी ऐकतो. दोन्ही हात मांडीखाली घेऊन. तशी अटच आहे.