बहाद्दर वजनवाढ समिती

एका जंगलात, जिथे पाऊस वेळेवर यायचा आणि सल्ले त्याच्याही आधी यायचे, एक शिंगरू राहत होतं. शिंगरू म्हणजे घोड्याचं पिल्लू, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर बाबांना विचारू नका, उगाच त्यांची पंचाईत होईल.

शिंगराचं नाव होतं बहाद्दर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तो इतका हडकुळा होता की बुलबुलीण आपल्या पिलांना त्याच्या बरगड्यांवर अठरापर्यंत मोजायला शिकवत असे. पिल्लं हुशार निघाली. बहाद्दर तसाच राहिला.

त्याची आई वैशाखात गेली. दूध लवकर तुटलं. कळपातल्या थोरांच्या धक्काबुक्कीत चांगल्या गवतापर्यंत त्याचं तोंड काही पोचेना.

आता या जंगलातल्या घोड्यांचा एक रिवाज होता. दसऱ्याला सगळा कळप सीमोल्लंघन करायचा, म्हणजे उंच खिंड चढून पलीकडच्या माळावर जायचा. चढेल तो कळपाचा. चढणार नाही तो अलीकडे राहायचा. अलीकडे तरस होते. तरस मोठे सोशिक प्राणी. ते कोणाच्या मागे धावत नसत, नुसती वाट पाहत.

म्हणून आषाढ लागताच कळपाची म्होरकी घोडी राणूबाई ठकूमावशीकडे आली. ठकूमावशी खेचर होती. घोड्यांना ती गाढव वाटे आणि गाढवांना घोडी, त्यामुळे दोन्हीकडची नको असलेली कामं तिच्याकडे येत.

"मावशी, याला तुझ्याकडे ठेवते," राणूबाई म्हणाली. "दसऱ्यापर्यंत अंग धरलं तर नेईन. नाही धरलं तर एकासाठी अख्खा कळप खिंडीत अडकवता येणार नाही मला."

राणूबाई वाईट नव्हती. म्होरकी होती.

ठकूमावशीला मूलबाळ नव्हतं. खेचरांना होत नाही. बहाद्दर मुकाट्याने येऊन तिच्या पोटाला टेकून उभा राहिला, तेव्हा तिला एकदम भरून आलं. तिने मनाशी ठरवलं की काही झालं तरी हा खिंड चढणार.

मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. आधी बहाद्दरचं तोंड उघडून दात पाहिले. मग त्याची लीद पाहिली. तुम्ही नाकं मुरडू नका, मुलांनो. लीद पाहिल्यावर तिला कळलं की पोरगा खातो ते निम्मं पोटातले जंत खातात. ती त्याला साळिंदर वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी इतकं कडू औषध दिलं की बहाद्दर दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

त्यानंतर तिचा उपाय सुरू झाला. कोवळं, स्वच्छ गवत, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. ओढ्याचं पाणी. चाटायला मिठाचा खडा. आठवड्याने मूठभर भिजवलेले हरभरे, आणि पुढच्या आठवड्यात त्यात अगदी थोडीशी भर. सकाळी टेकडीच्या चढावर फेरी, संध्याकाळी पुन्हा फेरी.

हे कळल्यावर जंगलाची घोर निराशा झाली.

"नुसतं गवत?" दादासाहेब सांबर म्हणाले. दादासाहेबांची शिंगं जंगलात सर्वांत मोठी, म्हणून ते प्रत्येक समितीचे अध्यक्ष असत. ते स्वतः दिवसभर गवतच खायचे, पण गवत म्हणजे काही खाणं नव्हे असं त्यांचं ठाम मत होतं.

"पोटाला सवय व्हायला वेळ लागतो, दादासाहेब," ठकूमावशी म्हणाली. "आणि हाडं कोवळी आहेत. वजन एकदम चढलं तर पाय वाकतील."

"वेळ लागतो असं म्हणणाऱ्यांमुळेच जंगल मागे राहिलं," दादासाहेब म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी 'बहाद्दर वजनवाढ समिती' स्थापन केली.

समितीत एकेचाळीस प्राणी होते. प्रत्येकाने बहाद्दरला रोज प्रेमाने एक घास भरवायचा असा ठराव झाला. एक घास म्हणजे काय हो, एवढासा. कुमुदवहिनी वानरीण शेंगदाण्याचे लाडू वळून घेऊन आली. अस्वलाने मध आणला, डुकराने मका. खारीने पाच बदाम आणले आणि कोणी मागू नये म्हणून स्वतःच त्यावर बसून राहिली.

त्या दिवशी ठकूमावशी मीठ आणायला गेली होती. परत आली तर बहाद्दर जमिनीवर लोळत होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, अंग घामाने भिजलेलं. एकेचाळीस घास त्याच्या पोटात एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

ठकूमावशीने त्याला ढुशा देऊन उठवलं आणि हळूहळू चालवत थेट वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी औषध पाजलं, खाणं बंद केलं आणि लोळू न देता चालवत ठेवायला सांगितलं. तो आडवा होऊ लागला की ती त्याला टेकू द्यायची आणि म्हणायची, "चल रे माझ्या राजा, एवढ्या झाडापर्यंत." मग पुढच्या झाडापर्यंत. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर बहाद्दरने लीद टाकली, म्हणजे पोट सुटलं. मावशी तिथेच ओक्साबोक्शी रडली. लीद पाहून कोणी आनंदाने रडल्याचं त्या जंगलाने प्रथमच पाहिलं.

समितीची तातडीची बैठक झाली.

"पोट दुखलं याचा अर्थ पोट जागं झालं," दादासाहेब म्हणाले. "लाडवांना गुण येतोय. उद्यापासून दोन घास."

आता ठकूमावशी काय करणार? नको म्हणावं तर एकेचाळीस जणांशी वैर. घ्यावं तर पोरगं हातचं जाणार. तिने रात्रीपर्यंत वाट पाहिली नाही, तिथेच विचार केला, आणि तिला आपल्या आजीची शिकवण आठवली. कोणाचं भांडं रिकामं परत करू नये.

दुसऱ्या दिवशी कुमुदवहिनी टोपलीभर लाडू घेऊन आली.

"ठेवा वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे," ठकूमावशी म्हणाली. "आणि ही रिकामी टोपली कशी देऊ? अस्वलभाऊंनी मधाचं पोळं दिलंय, तेच घाला यात."

मग अस्वल आलं. त्याच्या मडक्यात डुकराचा मका गेला. डुकराच्या सुपात वहिनीचे लाडू गेले. दादासाहेब रोज पाहणीला येत, त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं मिळे आणि ते त्यात थोडं थोडं वाढवून घेत. खारीला तिचेच बदाम परत मिळाले, तेव्हा तिने मावशीला आयुष्यभर पुरतील इतके आशीर्वाद दिले.

अशी टोपली फिरत राहिली. श्रावण गेला, भाद्रपद गेला. समितीचं काम इतकं जोरात चाललं की सदस्यांना चालताना धाप लागू लागली. बहाद्दर मात्र तिकडे गवत खात होता, पाणी पीत होता आणि मावशीच्या मागे टेकडी चढत होता.

हळूहळू त्याच्या पाठीवर गोलाई आली. कातडी चकाकू लागली. हात लावला तर बरगड्या लागत, पण दिसत नसत. बुलबुलिणीची दुसऱ्या वेळची पिल्लं अडाणी राहिली.

पण हे कोणी बोललं का? मुळीच नाही. कारण या जंगलात धडधाकट पोराला धडधाकट म्हणायची पद्धत नव्हती. म्हटलं की दृष्ट लागते. म्हणून ज्याच्यावर जीव आहे त्याला भेटल्या भेटल्या "वाळलास रे" म्हणायचं. जीव जास्त असेल तर गालावर हात ठेवून दोनदा म्हणायचं. बहाद्दरवर सगळ्यांचाच जीव जडला होता. त्यामुळे तो जसजसा भरत गेला, तसतसं जंगल अधिकाधिक कळवळून म्हणू लागलं, "किती गं बाई वाळलाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राणूबाई आली. तिने बहाद्दरला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मान हलवली.

"मला तर बरा दिसतो," ती म्हणाली. "पण वाटेत अकरा जणांना विचारलं. अकराही म्हणाले, वाळलाय. माझे दोन डोळे खरे मानू की त्यांचे बावीस? मावशी, तूच सांग. कसा आहे?"

आणि ठकूमावशीच्या तोंडून काय निघावं? जन्माची सवय.

"आहे आपला तसाच," ती म्हणाली. "कुठलं गं अंग आणि कुठलं काय."

"मग संपलंच," राणूबाई म्हणाली. "वाईट वाटतं, पण राहू दे त्याला इथे." ती वळली आणि चालायला लागली.

बहाद्दरला सगळं समजलं. तो पुन्हा येऊन मावशीच्या पोटाला टेकून उभा राहिला. आता तो तिच्या पोटाखाली मावत नव्हता.

ठकूमावशीसमोर कुमुदवहिनी होती, दादासाहेब होते, अर्धी समिती झाडाखाली धापा टाकत बसली होती. साठ पिढ्यांत जे कोणी बोललं नव्हतं, ते ठकूमावशीला बोलायचं होतं.

"राणूबाई, थांब," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. छान झालाय माझा पोरगा. चांगला भरलाय. असं शिंगरू तुझ्या कळपात दुसरं नाही."



"अगं, मीठ आणा कोणी, मोहऱ्या आणा," कुमुदवहिनी पुटपुटली. "स्वतःच्याच तोंडाने म्हणतेय. दृष्ट लागेल ना लेकराला."

"लागू दे," ठकूमावशी म्हणाली. "दृष्ट मी काढीन. तरस मला काढता येणार नाहीत."

राणूबाईने बहाद्दरकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "उद्या सूर्य उगवायला खिंडीशी या."

सकाळी सगळं जंगल निरोप द्यायला आलं. समिती खिंडीच्या पायथ्याशी बसली, कारण त्यापुढे चढ होता. दादासाहेबांनी भाषण केलं. समितीच्या लाडवांनी हा दिवस दाखवला, असं ते म्हणाले, आणि पुढच्या वर्षी हडकुळ्या पाडसांसाठीही लाडू सुरू करण्याची घोषणा केली. त्यांच्या शेजारी एक पाडस उभं होतं, त्याने आईकडे पाहिलं. ठकूमावशीने जाता जाता त्या हरिणीला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "आधी जंत बघ. आणि घरात एक मोठी टोपली ठेव."

कळप चढू लागला. दुसऱ्या वळणावर राणूबाईने बहाद्दर किती मागे राहिला हे पाहायला मान वळवली. तो मागे नव्हता. तो तिच्या पुढे होता आणि वरून ओरडून मावशीला विचारत होता की इतका वेळ का लागतोय.

ठकूमावशी हसत होती, रडत होती आणि चढत होती. तिन्ही कामं एकदम करायची खेचरांना सवय असते.

खाली तरसांनी खिंडीकडे पाहिलं. मग पायथ्याशी बसलेल्या, उठायला एकमेकांचा आधार शोधणाऱ्या समितीकडे पाहिलं. त्यांनी आपली जागा काही सोडली नाही.

तात्पर्य: परोपकार करणाऱ्यांचं पोट नेहमी भरलेलं ठेवावं, म्हणजे ज्याच्यावर उपकार व्हायचे असतात तो जगतो.